रॅम ओके, मशीन बंद: नौपाड्यातल्या एका नव्या डेस्कटॉपचं प्रकरण

ठाण्यात नौपाड्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा दोन खोल्यांचा स्टुडिओ. जुनी तीन मजली इमारत, पहिला मजला. २० मे रोजी नवं मशीन आलं. २४ मे रोजी पहिल्यांदा निळा पडदा (विंडोज कोलमडल्याचा संदेश) दिसला. जूनच्या मध्यापर्यंत अशी वेळ आली की एक्स्पोर्ट लावून कुणी खाली चहाला जायला धजेना. आषाढ लागायच्या आत शेवटच्या पाच लग्नांची डिलिव्हरी द्यायची होती.

मशीन कागदावर दणकट होतं. रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा चार रॅम स्लॉटचा मदरबोर्ड, १२ जीबीचं आरटीएक्स ४०७० कार्ड, १ टीबीची एनव्हीएमई डिस्क, ७५० वॅटचा गोल्ड दर्जाचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). रॅम, म्हणजे मेमरी, ६४ जीबी: डीडीआर५ च्या १६ जीबीच्या चार स्टिका, पाकिटावर वेग ६०००. कोटेशनमध्ये नुसतं ‘६४ जीबी’ लिहिलं होतं. ३२-३२ ची जोडी त्या दिवशी दुकानात नव्हती, म्हणून १६-१६ च्या दोन जोड्या बसल्या. बेरीज तीच, तेव्हा हरकत घ्यावी असं कुणाला वाटलं नाही. यूपीएस मात्र जुन्या मशीनचाच पुढे चालवला होता. हे दोन्ही तपशील पुढे लागणार आहेत.

आधीच झालेले उपाय

तपासणी सुरू होईपर्यंत दुकानाने तीन फेऱ्या मारल्या होत्या. पहिल्या फेरीत ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला. दुसऱ्या फेरीत, १ जूनला, फॉरमॅट मारून विंडोज ११ नव्याने टाकली. तिसऱ्या फेरीत प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत तापतोय म्हणून त्याच्यावरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, एसएमपीएसही बदलून दिला, आणि जाताना सांगितलं की साइड पॅनेल काढूनच ठेवा, हवा लागेल. चारही स्टिका दुकानात नेऊन एकेक करून तपासल्या होत्या. निकाल: “दादा, रॅम ओके आहे. चारही. तुमच्या इथलं व्होल्टेज बघून घ्या.”

यातलं काहीच मूर्खपणाचं नव्हतं, पण प्रत्येक उपायानंतर ‘दोन दिवस बरं चाललं’ या एकाच पुराव्यावर तो लागू पडल्याचं मानलं गेलं. मशीन सरासरी दीड दिवसाआड पडत असेल आणि मधूनच तीन दिवसही तग धरत असेल, तर दोन दिवसांची शांतता काहीच सिद्ध करत नाही. इथे तपासणीआधीच एक नियम ठरवला. बिघाडाशिवाय गेलेला सगळ्यात मोठा काळ बघायचा, आणि उपाय केल्यावर त्याच्या तिप्पट काळ, नेहमीच्याच कामाच्या ताणाखाली, मशीन न पडता गेलं तरच उपाय लागला म्हणायचं. इथला सगळ्यात मोठा काळ तीन दिवसांचा, म्हणून मुदत किमान नऊ दिवसांची.

९५ अंशांबद्दल थोडं. ७७००एक्सची कमाल मर्यादाच ९५ अंश आहे. पूर्ण ताण आला की तो तिथवर जातो आणि तिथेच राहण्यासाठी वेग थोडा आवरता घेतो. जुन्या प्रोसेसरांची सवय असलेल्याला हा आकडा बघून धडकी भरते, पण त्याने मशीन पडत नाही. पेस्ट बदलल्याने नुकसान काही झालं नाही, एवढंच.

फॉरमॅटने मात्र नुकसान केलं. २४ ते ३१ मेच्या सगळ्या नोंदी त्यात पुसल्या गेल्या. वारंवार पडणाऱ्या मशीनवर फॉरमॅट मारण्याआधी विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘सिस्टम’ नोंदवही फाइल म्हणून जपून ठेवावी आणि विंडोज फोल्डरातलं मिनीडंप हे फोल्डर (दर निळ्या पडद्याच्या वेळची छोटी नोंद यात असते) पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावं. पाच मिनिटांचं काम असतं.

नोंदी वाचणं

१ ते १४ जूनच्या नोंदी शाबूत होत्या. मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं की विंडोज ‘कर्नल-पॉवर’ या नावाने ४१ क्रमांकाची नोंद करते. नावात पॉवर असल्याने ही नोंद दिसली की लोक थेट एसएमपीएसवर बोट ठेवतात. प्रत्यक्षात ती फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. कारण आत असतं. नोंद उघडून ‘डिटेल्स’मध्ये गेलं की बगचेककोड नावाचा आकडा दिसतो. तो शून्य असेल तर विंडोजला निळा पडदा दाखवायलाही सवड मिळाली नाही: वीज तुटली, मशीन जागच्या जागी गोठलं, किंवा कुणी बटण दाबून धरलं. शून्य नसेल तर आधी निळा पडदा आला आणि मग मशीन पुन्हा चालू झालं.

चौदा दिवसांत अशा अकरा नोंदी होत्या. आठांत आकडा होता, तिघांत शून्य.

इथे प्रकरणाचे दोन तुकडे झाले. तोवर स्टुडिओत आणि दुकानातही अकराच्या अकरा वेळा ‘मशीन पडलं’ याच एका नावाखाली जमा होत्या. पावसाच्या दिवशी पडलं की व्होल्टेजवर संशय, कोरड्या दिवशी पडलं की विंडोजवर. शून्याच्या तीन नोंदी ८, ९ आणि १२ जूनच्या. मृगाच्या पहिल्या सरींचे तेच दिवस, आणि तिन्ही वेळा लाइट क्षणभर लुकलुकल्याचं शेजारच्या दवाखान्यातूनही कळलं. आकड्याच्या आठ नोंदींचा पावसाशी काहीच मेळ नव्हता.

हा आकडा ४१ च्या नोंदीत दशमान पद्धतीत येतो. निळ्या पडद्यावरची अक्षरं आणि इंटरनेटवरचे कोड सोळाच्या पद्धतीतले असतात, म्हणून शोधताना गोंधळ उडतो. या मशीनवर २६ तीनदा आला, म्हणजे मेमरी मॅनेजमेंट. ८० दोनदा: पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. ५९ एकदा, सिस्टम सर्व्हिस एक्सेप्शन. १० एकदा, तो प्रसिद्ध ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. आणि २६५ एकदा, म्हणजे कर्नलच्या (विंडोजच्या गाभ्याच्या) हात न लावण्याच्या भागात बदल झालेला सापडला. २९२, म्हणजे प्रोसेसर किंवा बसने स्वतः नोंदवलेली हार्डवेअरची चूक, एकदाही नाही. ग्राफिक्स कार्डाने प्रतिसाद द्यायचं थांबवलं की येणारा २७८ देखील नाही.

मिनीडंप उघडले तर दोषी म्हणून चार वेळा विंडोजचा कर्नल, दोनदा ग्राफिक्स ड्रायव्हर, एकदा एनटीएफएस (डिस्कवरच्या फाइली सांभाळणारा भाग) आणि एकदा खिडक्या रंगवणारा विंडोजचाच भाग. कर्नलचं नाव दिसलं की ‘विंडोज करप्ट’ असं निदान सर्रास होतं. घरात मांडी घालून बसलेल्या माणसाच्या अंगावर छत पडलं तर नाव त्याचं येतं, चूक छताची असते. डंपमधल्या नावांपेक्षा त्यांचा विखुरलेपणा जास्त बोलका. आठही वेळा एकच ड्रायव्हर आला असता तर संशय ड्रायव्हरवर. आठ वेळा पाच प्रकारचे कोड आणि चार वेगवेगळी नावं येतात, तेव्हा या सगळ्यांच्या पायाखालची जमीन हलते आहे असं समजावं. ती जमीन म्हणजे मेमरी, किंवा मेमरीपर्यंत जाणारी वाट.

पहिला तुकडा: यूपीएस

हा सोपा निघाला, म्हणून थोडक्यात. भिंतीवरच्या बोर्डावर मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल दिवसभरात २२८ ते २४१ व्होल्ट. न्यूट्रल-अर्थ १.८ व्होल्ट. म्हणजे ‘इथलं व्होल्टेज’ ठीक. यूपीएसच्या मागच्या पट्टीवर ६०० व्हीए, ३६० वॅट. प्लगात लावायचा वॅटमीटर जोडून मोजलं: मशीन आणि दोन मॉनिटर मिळून रिकामं असताना ८२ वॅट, टाइमलाइनवर काम चालू असताना १६० ते २२०, आणि एक्स्पोर्टच्या वेळी ३९० पर्यंत. लाइट असते तोवर यूपीएस मेनची वीज तशीच पुढे पाठवतो, त्यामुळे ३९० वॅटही निभावतात. लाइट लुकलुकली की भार बॅटरीवर जातो आणि ३६० च्या यूपीएसवर ३९० पडले की तो सरळ हात वर करतो. वर बॅटरी, १२ व्होल्ट ७ एएचची, चार वर्षांची.

यूपीएसची परीक्षा कधीही कॉम्प्युटर लावून घेऊ नये. इथे १०० वॅटचे जुन्या पद्धतीचे दोन बल्ब लावले आणि प्लग काढला. ४० सेकंदांत अंधार. त्या जागी ११०० व्हीए, ६६० वॅटचा, दोन बॅटऱ्यांचा यूपीएस बसवला. ३९० म्हणजे त्याच्या क्षमतेच्या जेमतेम साठ टक्के. एवढं अंतर हवंच, कारण बॅटरीवर असताना यूपीएस जी पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो, तिच्यावर आजचे एसएमपीएस धक्का देऊन वीज ओढतात.

जाता जाता आणखी एक गोष्ट हाती लागली. अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत होत्या आणि त्या ‘नव्या मशीनला येतातच’ असं गृहीत धरलं होतं. एक्स्टेन्शन बोर्ड दोन पिनी कन्व्हर्टरवर चालू होता, म्हणजे अर्थ तुटलेला. एसएमपीएसच्या आतली फिल्टरची कपॅसिटरं फेज आणि न्यूट्रल दोघांनाही बॉडीशी जोडतात, त्यामुळे अर्थ नसेल तर बॉडीवर मेनच्या साधारण निम्मं व्होल्टेज तरंगतं. मीटरने ११२ दाखवलं. कन्व्हर्टर फेकून तीन पिनी प्लग नीट बसवला, झिणझिण्या गेल्या. निळ्या पडद्यांशी याचा संबंध नव्हता, पण कन्व्हर्टर तसाच ठेवून पुढे जाण्यासारखी ही गोष्टच नाही.

१४ जूनला यूपीएस बदलला. १५ ला दुपारी, लाइट स्वच्छ असताना, पुन्हा निळा पडदा. कोड २६.

दुसरा तुकडा: चार स्टिका

आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डाची मूळ सेटिंगं. त्यात रॅमची एक्स्पो प्रोफाइल (पाकिटावरचा वेग लावणारी तयार सेटिंग) चालू, वेग ६०००, व्होल्टेज १.३५. दुकानाने ती लावली ती योग्य भावनेने. न लावता दिलं तर गिऱ्हाईक टास्क मॅनेजर उघडून विचारतं की ६००० चे पैसे घेतले आणि इथे ३६०० का दिसतात.

त्या ३६०० मध्येच उत्तर होतं. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने छापलेले आकडे असे: दोन स्टिका असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. याच्या वरचं सगळं, एक्स्पोसकट, ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे छापील वेगापलीकडे पळवणं. स्टिकेच्या पाकिटावरचा ६००० हा आकडा त्या पाकिटातल्या दोन स्टिकांपुरता तपासलेला असतो. तसलं दुसरं पाकीट शेजारी लावल्यावर चौघं मिळून काय करतील याचा शब्द पाकीट देत नाही, प्रोसेसर देत नाही, मदरबोर्डही देत नाही. मदरबोर्डाच्या पानावर रॅमची जी चाचणी-यादी असते तिच्यात एक, दोन आणि चार स्टिकांचे वेगवेगळे रकाने असतात. या रॅमसमोर चारचा रकाना रिकामा होता.

असं का, हे समजून घेतलं तर पुढच्या चाचण्यांचा क्रम आपोआप कळतो. प्रोसेसरातून रॅमकडे दोन चॅनेल निघतात. प्रत्येक चॅनेलवर दोन स्लॉट एकामागे एक, माळेसारखे ओवलेले. दोनच स्टिका असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात, म्हणजे माळेच्या टोकाला बसवतात. तिथे सिग्नल येतो आणि संपतो. चारही भरल्या की मधल्या स्टिकेवरून सिग्नल फाटतो, थोडा परततो, आणि प्रोसेसरातल्या मेमरी कंट्रोलरला दुप्पट ओझं ढकलावं लागतं. ६००० ला एका बिटसाठी मिळणारा वेळ सेकंदाच्या सहा अब्जाव्या भागाएवढा. तेवढ्यात परतलेला सिग्नल मिसळला की शून्याचा एक वाचला जातो. रोज नाही, दर तासाला नाही, पण दीड दिवसातून एकदा पुरतो.

‘डीडीआर५ मध्ये ईसीसी (चुका दुरुस्त करण्याची सोय) असतेच की’ हा युक्तिवाद इथे नेहमी येतो. ती ईसीसी चिपच्या पोटातली. चिपच्या आत साठवलेला बिट बिघडला तर ती दुरुस्त करते. चिप ते प्रोसेसर या वाटेवर जे बिघडतं ते तिला दिसतही नाही.

आता चाचण्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक निकालापुढे वेळ लिहायची, ही शिस्त इथे सोडता येत नाही.

पहिल्या रात्री बायोस डीफॉल्टवर आणला. चार स्टिका, वेग आपोआप ३६००. ओसीसीटीची मेमरी चाचणी आणि प्राइम९५ चं ब्लेंड (दोन्ही मशीनवर ताण टाकणारे प्रोग्राम) आलटून पालटून दहा तास. एकही चूक नाही. या एका निकालाने स्लॉट, सॉकेट आणि चारही स्टिका बहुतांशी सुटल्या. स्लॉटात धूळ असती किंवा स्टिकेतली एखादी चिप मेलेली असती, तर तिने ३६०० लाही आवाज केला असता.

दुसऱ्या रात्री एक्स्पो चालू केलं. चार स्टिका, ६०००, पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६. पहिला फेरा स्वच्छ. दुसऱ्यात सात चुका. पत्ते पाहिले तर सातही वेगवेगळे, दोन्ही चॅनेलांवर पसरलेले. चिप मेलेली असती तर चूक पुन्हा पुन्हा त्याच पत्त्यावर, बहुधा त्याच बिटवर आली असती. पहिला फेरा स्वच्छ गेला ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी. एका फेऱ्यावर ‘ओके’ म्हणून उठलेला माणूस इथे फसला असता. मोफत मेमटेस्ट८६ चार फेरे देतं, ते चारही घ्यावेत.

मग जोड्या वेगळ्या केल्या. पहिली जोडी एकटी, दुसऱ्या-चौथ्या स्लॉटात, ६००० ला: चार फेरे, चूक शून्य. दुसरी जोडी तशीच: शून्य. दुकानाचं ‘रॅम ओके’ शब्दशः खरं होतं. सुटी तपासली तर ओके, जोडीने तपासली तरी ओके, चौघी एकत्र बसल्या की नाही. सीपीयू-झेड या प्रोग्रामाच्या रॅमची माहिती दाखवणाऱ्या एसपीडी पानावर आणखी एक तपशील मिळाला. दोन्ही पाकिटांवर नाव, मॉडेल, वेग, लेटन्सी ३६ सगळं सारखं, पण एका जोडीवर एका कंपनीच्या मेमरी चिपा, दुसरीवर दुसऱ्याच कंपनीच्या. रॅमवाले त्याच मॉडेलात मिळेल त्या चिपा भरतात. मदरबोर्डाला मात्र चौघींसाठी एकच वेळापत्रक लावायचं असतं.

साइड पॅनेलचं कोडंही इथे सुटलं. पॅनेल काढल्यावर मशीन कमी वेळा पडतं, हे स्टुडिओचं निरीक्षण बरोबर होतं. डीडीआर५ च्या स्टिकेवर तापमानाचा सेन्सर असतो, तो एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रामात दिसतो. पॅनेल बंद, एक्स्पोर्ट चालू: मधल्या दोन स्टिका ५८ अंश. पॅनेल काढून: ४७. ओसीसीटीत पहिली चूक पॅनेल बंद असताना ३८ मिनिटांनी आली, उघडं असताना २ तास १० मिनिटांनी. मेमरी तापली की तिची चुकांची सहनशक्ती आधीच कमी, त्यात ओढाताणीचा वेग. म्हणजे उष्णतेने बिघाड लवकर दिसत होता, पण तो उष्णतेचा नव्हता. आणखी दोन पंखे बसवून हे प्रकरण महिनाभर पुढे ढकलता आलं असतं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते पुन्हा उभं राहिलं असतं.

मधला वेग का नाही

चार स्टिका ठेवून ५२०० लावून पाहिला: तिसऱ्या तासाला चूक. ४८०० ला बारा तास स्वच्छ. इथे थांबायचा मोह होतो, आणि गेम खेळणाऱ्याच्या मशीनवर थांबायलाही हरकत नाही. पण बारा तासांची एक रात्र जूनच्या पावसाळी हवेत गेली होती. मेमरीचं ट्रेनिंग (मशीन चालू होताना मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) दर वेळी थोडं वेगळं बसतं, बायोस अपडेट झाला की पुन्हा बदलतं. लग्नाचं फुटेज दुसऱ्यांदा चित्रित होत नाही. अशा मशीनवर ज्याचा छापील शब्द आहे तोच आकडा लावावा, म्हणजे ३६००.

एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरातल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारं) चढवून चौघींना ६००० ला बसवण्याचा सल्लाही ऐकायला मिळतो. २०२३ मध्ये एएम५ या सॉकेटवरचे काही प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने या व्होल्टेजला १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घातली, हे तो सल्ला देणाऱ्याला आठवून द्यावं.

१८ जूनपासून मशीन ३६०० वर कामाला लावलं आणि डिलिव्हरीचं एडिटिंग त्याच वेगावर झालं. त्याच टाइमलाइनचा ४के एक्स्पोर्ट दोन स्टिकांवर ६००० ला ४० मिनिटांत होत होता, चार स्टिकांवर ३६०० ला ४३ मिनिटं लागली. एन्कोडिंगचा भार ग्राफिक्स कार्डावर असल्याने फरक एवढाच. तीन मिनिटांच्या नफ्यासाठी महिनाभर मशीन पडत होतं.

ही स्थिती कायम ठेवता आली असती. पण टाइमलाइनवर पुढे-मागे सरकताना थोडी जडता जाणवत होती, आणि दुकानाने दोन्ही जोड्या परत घेऊन फरकाच्या रकमेत ३२-३२ ची एक जोडी द्यायचं मान्य केलं. एकही स्टिक सदोष नव्हती, त्यामुळे वॉरंटीत हे बसत नव्हतं. चाचण्यांच्या नोंदींचे फोटो आणि मदरबोर्डाच्या यादीतला रिकामा रकाना दाखवल्यावर जमलं. नवी जोडी निवडताना आधी ती यादी उघडली, तिच्यात दोनच्या रकान्यात ६००० असलेलं मॉडेल शोधलं आणि मग दुकानात विचारलं. क्रम उलटा केला की दुकानात असेल ते यादीत शोधत बसावं लागतं. दोन स्टिकांचे ६००० देखील एएमडीच्या ५२०० च्या वरचेच आहेत, पण तो वेग या प्रोसेसरांवर बहुतेक ठिकाणी निभावतो, आणि निभावतो की नाही ते चाचणीने ठरवता येतं.

जोडी बसवताना

मशीन बंद, एसएमपीएसचं मागचं बटण बंद, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज काढली. स्टिका दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात. कित्येक बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसरी बाजू अर्धवट राहिली तरी कळत नाही; दोन्ही टोकं अंगठ्याने दाबून सोनेरी पट्टी कुठेच दिसत नाही ना ते बघावं. नव्या रॅमवर पहिल्यांदा चालू केलं की पडदा काळा राहतो आणि मदरबोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटलेला असतो. हे ट्रेनिंग. या मशीनला तीन मिनिटं लागली. चार स्टिका असताना नऊ लागली होती. या काळात ‘चालू होत नाही’ म्हणून बटण दाबून बंद केलं की ते पुन्हा पहिल्यापासून. मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर नावाचा पर्याय दर वेळचं ट्रेनिंग टाळून मशीन लवकर उघडतो, पण चाचण्या संपेपर्यंत तो बंद ठेवला. जुन्या ट्रेनिंगवर चालणाऱ्या मशीनची परीक्षा घेण्यात अर्थ नसतो.

मेमटेस्ट८६ चे चार फेरे, पॅनेल बंद ठेवून ओसीसीटी आठ तास, दोन्हीत शून्य. मग २४ जूनपासून नेहमीचं काम. ठरल्याप्रमाणे नऊ दिवस धरायचे होते. तेराव्या दिवशीही ४१ ची एकही नवी नोंद नव्हती. मधल्या काळात लाइट चारदा लुकलुकली आणि एकदा वीस मिनिटं गेली.

मागचं फुटेज

हा भाग बहुतेक ठिकाणी राहूनच जातो. २० मे ते १७ जून या काळात मशीनने जे जे कॉपी केलं ते चुका करणाऱ्या मेमरीतून गेलं. कॅमेऱ्याच्या कार्डावरून डिस्कवर जाताना फाइल रॅममध्ये थांबते. तिथे एक बिट उलटला तर डिस्कवर चुकीची फाइल निमूट लिहिली जाते. विंडोज काहीच बोलत नाही.

१ जूनला टाकलेली विंडोजही त्याच मेमरीतून लिहिलेली. विंडोजच्याच डीआयएसएम या साधनाने तिची प्रतिमा दुरुस्त करून मग फाइली तपासणारं एसएफसी चालवलं, तर काही फाइली बदलाव्या लागल्या. शेवटी विंडोज पुन्हा टाकली. तीच क्रिया तीन आठवड्यांपूर्वी निरर्थक होती, आता गरजेची होती.

तीन लग्नांची कार्डं अजून पुसलेली नव्हती. विंडोजसोबत येणाऱ्या सर्टयूटिलने कार्डावरच्या आणि डिस्कवरच्या प्रत्येक क्लिपचा शा-२५६ हॅश (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) काढून शेजारी शेजारी ठेवले. ४१२ क्लिपांपैकी तिघींचे हॅश जुळले नाहीत. त्या कार्डावरून पुन्हा उतरवल्या, हॅश जुळले. चौथ्या लग्नाची कार्डं पुढच्या लग्नासाठी फॉरमॅट झाली होती, त्यामुळे त्या क्लिपा डोळ्यांनीच पाहाव्या लागल्या. एकीत, नेमका अंतरपाट खाली येताना, अर्धा सेकंद नवरीच्या मुंडावळ्या चौकोनी तुकड्यांत फुटल्या होत्या. तिथे मामाच्या बाजूच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा शॉट लावला. त्यानंतर स्टुडिओत कार्ड फॉरमॅट करण्याआधी हॅश जुळवण्याची पद्धत पडली.

कॅबिनेटचं पॅनेल लावण्याआधी आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: ‘३२ + ३२, ६०००, स्लॉट दुसरा आणि चौथा. पहिला व तिसरा रिकामाच ठेवणे. रॅम वाढवायची झाल्यास जोडी बदलणे, भर घालू नये.’ खाली चाचणीची तारीख आणि बायोसचा क्रमांक.